मानकऱ्यांचा फ्लेक्स

छपाईच्या शाईचा तो वास आधी जिभेला कळायचा, मग नाकाला. तापलेल्या पत्र्यावर रॉकेल सांडावं तसा. किंचित गोडसर, आणि म्हणूनच किळसवाणा. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये फ्लेक्सचं यंत्र दिवसभर घरघरत असे, आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं, दिवंगतांचे फोटो सारख्याच ओल्या चकाकीने त्यातून बाहेर पडत. मी मराठी घेऊन एम.ए. झालेली, छंद आणि यती शिकलेली. तिथे मजकूर टाइप करण्यासाठी लागले होते. मला डिझायनर व्हायचं होतं. मालकांना ते कळलं, तेव्हा ते यंत्राच्या वर आवाज चढवून हसले.

"कवयित्रीबाई, इथे शब्दावर नाही, फुटावर छापतात."

रिकामी जागा म्हणजे त्यांना चोरी वाटे. नाव लहान पडलं की ते अक्षरांना दोन्ही बाजूंनी धरून ताणत. काना खांबासारखा जाड होई, वेलांटी सुजे, शिरोरेषा मात्र होती तशीच किडकिडीत राही. ते पाहताना माझे दात आंबत. मी एकदा बोलले. त्यावर त्यांनी माझ्यादेखत आणखी ताणलं.

लोक आता म्हणतात, तुला कडक गुरू लाभला. साफ खोटं. त्या माणसाने मला काही शिकवलं नाही; मी मागे उभी राहिले तर तो संगणकाचा पडदा वळवून घेई. मी शिकले ती त्याच्याविरुद्ध. लांज्याला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून मी फलक वाचत असे, आणि गाडी वळण घेईपर्यंत त्यातलं काय हाती लागलं आणि काय निसटलं ते मनाशी घोळवत असे. घरी जुन्या वर्तमानपत्रांतले मथळे कापून जमिनीवर मांडायचे, दोन शब्दांमधली फट बोटाने कमी-जास्त करायची. यती, म्हणजे ओळीतला थांबा, चुकली की कवितेची ओळ धापा टाकते. फलकाचंही तसंच होतं, हे मला फरशीवर गुडघे टेकून उमगलं. डोळा कानासारखाच तयार करावा लागतो, आणि त्याला रियाजाचा तितकाच कंटाळा येतो.

शिमग्याच्या आधी लांज्याकडच्या एका गावाहून दोन वृद्ध आले. एकाच रिक्षातून उतरले, पण बसले बाकड्याच्या दोन टोकांना. गावच्या पालखीचे पुढचे दोन खांदे या दोघांच्या घराण्यांचे. दांडा दोघांनी एकाच क्षणी उचलायचा, कारण मान बरोबरीचा. गेल्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी छापलेल्या फ्लेक्सवर एकाचं नाव वर आलं, एकाचं खाली, आणि खालच्यांनी पालखी सहाणेवरच अडवून धरली होती. जिथे ती विसावते त्या चौथऱ्यावरून तिला हलूच देईनात. हे भांडण मालकांना अंगावर नको होतं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"घ्या, मॅडम, करा डिझाइन. हे परत आलं, तर उद्यापासून लग्नपत्रिका टाइप करायच्या आणि डिझाइन हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

मी दोन्ही नावं एका ओळीत मांडली. तेवढ्याच उंचीची, तेवढ्याच वजनाची, मध्ये पालखी.

ज्यांचं नाव उजवीकडे आलं ते वृद्ध पडद्याला नाक लावून म्हणाले, "अगो बाय, माणूस वाचतो तो डावीकडनंच ना? मग आधी कोण आला?"

"असू दे की तसाच," डावीकडचे म्हणाले.

"तुझा नाव डावीकडं हाय म्हणून व्हय रं!"

"उजवं ताणा," मालक माझ्या मानेमागून म्हणाले. त्यांना मजा येत होती. "फुगवा त्याला. नाहीतर कविता म्हणून दाखवा."

मी त्या दोघांना विचारलं, "पालखी नाचते तेव्हा समोरच्याला तुमचं तोंड दिसतं का?"

"तोंड कसला दिसतंय? नुसता गुलाल," एक म्हणाले.

"खांदा दिसतो," दुसरे म्हणाले.

त्यांच्या मोबाइलमधला पालखीचा फोटो मी घेतला आणि कापत गेले. गर्दी कापली, मंडप कापला, चेहरे कापले. उरले घामाने ओले, लाल झालेले दोन खांदे आणि त्यांच्यावर आडवा दांडा. मग नावं पुसली. या दोघांची, आणि खालची शुभेच्छुकांची सगळी रांगही. खाली ग्रामदेवीचं नाव ठेवलं. वर आभाळ मोकळं सोडलं, अर्ध्याहून जास्त.

"नावं कुठे गेली?" मालक ओरडले. "अहो, नावासाठी तर फ्लेक्स लावतात लोक! आणि हे वर काय, वाळत घालायचंय काही?"

वृद्ध दोघेही पडद्याकडे सरकले. मी माऊसवरचा हात काढला नाही.

"ह्यात भांडायचा कशावरनं?" डावीकडचे शेवटी म्हणाले.

"तुझा नाय, माझा नाय," उजवीकडचे म्हणाले. "बरा हाय."

"पर तो खांदा माझाच हाय हां."

"गप ऱ्हा आता." मग ते मालकांकडे वळले. "असाच छापा. काय घालू नका वरती."

यंत्रातून ते मोकळं आभाळ पट्ट्यापट्ट्याने उतरू लागलं. मालक वाकून त्याच्यावर डाग शोधत होते, रेघ शोधत होते, ओल्या कडेला बोट लावून पाहत होते. काही सापडलं नाही. त्यांनी बोट फडक्याला पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"नशीब."