वसुबारसेआधी न मारलेलं औषध

हिंजवडीत आत्याच्या गोठ्यात एकच गाय आणि तिची दूधपिती कालवड उरली होती. चरायचा माळ कंपन्यांनी खाल्ला, म्हणून गाय दिवसभर विटांच्या भिंतीपाशी बांधलेली असे. त्या भिंतीच्या फटींत गोचिडी राहत. आत्या नेमानं औषध फवारायची, गाईवर आणि फटींतही.

त्या दिवाळीत तिनं फवारलं नाही. वसुबारसेला शेजारच्या सोसायटीत पूजेला तिचीच गाय-कालवड जात. रोजचं दूधही त्याच बायका घेत.

"औषधाला लई वास हाय," ती म्हणाली. "गेल्या साली एकीनं नाक दाबलं. सण होऊ दे, मग मारते."

"आत्या, गोचिडींना कुठला सण?"

"मग तू काढ की एक पत्रक. वाचून जातील निघून."

आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत, त्यावरून तिचा हा टोमणा ठरलेला. मीही हसले.

पूजेला बायकांनी गाईला ओवाळलं, फोटो काढले. एकीनं विचारलं, "अहो मावशी, हिच्या कानात हे राखाडी मणी कसले?" आत्यानं पदरानं कान झाकला.

भाऊबीजेला गाय बसली ती उठेना. लघवी लाल, मग कोऱ्या चहासारखी. डॉक्टरांनी तिची पापणी ओढून पाहिली. आत सगळं पांढरं.

"गोचीड ताप. अंगात रक्तच राहिलेलं नाही."

इंजेक्शनं दिली. तरी सकाळी गाय गेली.

अंग गार होऊ लागलं तशा टम्म फुगलेल्या गोचिडी तिला सोडून चालू लागल्या. आत्या चपलेनं त्या चिरडत होती आणि फरशीवर गाईचंच रक्त पसरत होतं.

मला ओरडावंसं वाटलं. माळ तुम्ही घेतलात, दूध तुम्हाला हवं, पुण्य हवं, फक्त गोठ्याचा वास नको! हे कुणाच्या तोंडावर ओरडायचं? नाक दाबणारी बाई तर दाराशी उभी राहून खरंच रडत होती.

कालवड हंबरत होती. आत्या दुकानात गेली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं दुधाची पिशवी मागितली.

दुकानदार हसला. "काय मावशी, आज तुम्हीच पिशवी?"

"कालवडीला," ती म्हणाली. त्याचं हसू तिथंच विरलं.

घरी तिनं दुधात बोटं बुडवून कालवडीच्या तोंडात घातली. "पी गं बाई, पी." कालवड बोटं झिडकारून पुन्हा पुन्हा गाईच्या रिकाम्या जागेकडे ओढ घेत राहिली.