नव्या कार्डाचा पंखा

दुबईहून आलेल्या वस्तूला पनवेलच्या मोहल्ल्यात कोणी नावं ठेवत नाही. अत्तराने डोकं उठो, चॉकलेटचा वितळून गोळा होवो, ‘माशाअल्ला’ म्हणायचं आणि मुकाट्याने घ्यायचं. सकीनाही आजवर तेच करत आली होती. पण त्या वर्षी मे महिन्यात नवऱ्याने जे आणलं, ते कॉम्प्युटरमध्ये बसवायचं होतं, आणि कॉम्प्युटरला कुणाची भीडभाड नसते.

सकीना लग्नांचे व्हिडिओ जोडायची. नवरा तौसीफ दुबईत एसी मेकॅनिक. लग्नानंतर लवकरच गेला, तो सुट्टीपुरता येणारा पाहुणाच झाला. रिकामं घर खायला उठायचं म्हणून ती एका स्टुडिओत बसून हे काम शिकली. निकाह असो की सप्तपदी, कुणाच्या मावशीचं रडणं किती वेळ ठेवायचं आणि कुणाच्या काकाचा नाच कुठे कापायचा, हे तिच्याइतकं कुणाला कळत नसे.

या कामाला कॉम्प्युटरमध्ये दमदार ग्राफिक कार्ड लागतं. चित्रांची सगळी ओझी तेच उचलतं. तिचं कार्ड नवीन पनवेलच्या एका बंद पडलेल्या गेमिंग कॅफेतलं, विटेएवढं जाड. कामाला वाघ, पण पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि उन्हाळ्यात कार्ड तापलं की कॉम्प्युटरच बंद पडायचा. फोनवर तिने एकदा कुरकुर केली, आणि तौसीफने थेट नवं कार्ड घेतलं. खोक्यावरचा मॉडेल नंबर जुन्याहून मोठा, मेमरी चौपट. सामानात आपटेल म्हणून विमानात मांडीवर धरून आणलं. आल्या आल्या स्वतःच्या हाताने बसवलं आणि जुनं काढून कपाटात ठेवलं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. या कार्डाने एक दिवसही धड काढला नाही.

सकीनाला वाटलं, आपलंच काही चुकतंय. म्हणून शुक्रवारी तौसीफ जुम्म्याच्या नमाजाला गेला तेव्हा तिने जुनं कार्ड लावून एका वरातीचं गाणं तयार करायला घातलं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत गाणं तयार. मग नवं लावून तेच गाणं घातलं. भात झाला, सार झालं, तौसीफ नमाजाहून परत आला, तरी नवरदेव घोड्यावर चढतोच आहे. तिने घाईघाईने स्क्रीन बंद केली.

“कसं चाललंय?” त्याने टोपी काढत विचारलं.

“मस्त,” ती म्हणाली.

मूग गिळायला कारणही तसंच होतं. नवीन पनवेलचा फोटोग्राफर निनाद नवीनच टूम काढून आला होता: सकाळी लग्न लागायचं आणि संध्याकाळी रिसेप्शनला त्याच लग्नाची फिल्म पडद्यावर दाखवायची. रविवारच्या लग्नाची फिल्म वेळेत करून दिली, तर पुढची सगळी कामं सकीनाकडे. ते ऐकून तौसीफ जेवताना म्हणाला होता, “हे पक्कं झालं ना, तर मी परत जात नाही. इथेच एसीची कामं घेईन.” हे वाक्य ऐकायला तिने वर्षं काढली होती. त्यावर कुठल्या तोंडाने म्हणणार, की तुम्ही मांडीवर धरून आणलेलं कार्ड कुचकामी आहे?

रविवारी भर दुपारी निनाद हार्डडिस्क घेऊन आला. “सकीनाभाभी, आज इज्जत तुमच्या हातात,” म्हणाला आणि तसाच हॉलकडे पळाला. सकीनाने भराभर तुकडे जोडले, आणि फिल्म तयार करायला घातली. काम किती झालं ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी सरकायला लागली आणि लगेच रेंगाळली. तौसीफ मागे खुर्ची टाकून कौतुकाने बघत बसला होता. तिने रंग कमी केले, संथ चालीतले तुकडे उडवले. पट्टी जागची हलेना.

“अटकली का?”

“नाही.” तिने डोळे मिटले. आता गप्प बसलं तर काम जातं, आणि कामाबरोबर हा जातो. “हे कार्ड काढावं लागेल. जुनं लावते.”

“नवं काढून जुनं? खोक्यावर दोन जीबी लिहिलंय, सकीना!”

“मेमरीचं गोदाम मोठं आहे हो, पण काम उचलणारे हमाल दोनच. जुन्याचं गोदाम लहान, पण हमालांची फौज आहे. नंबर नवा असला तरी हे कार्ड हलक्या कामाचं आहे.”

“कधी कळलं तुला?”

“जुम्म्याला.”

“आणि मला मस्त म्हणालीस.” तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने शांतपणे कार्ड काढून तिच्या हातात दिलं. “खोक्यात ठेव. वॉरंटी आहे. परत जाईन तेव्हा बदलून आणीन.”

परत जाईन! म्हणजे हा जाणारच. तो उठून दारात पाठमोरा उभा राहिला. तिने जुनं कार्ड बसवून फिल्म पुन्हा घातली. पट्टी सुसाट निघाली, निम्मी झाली, त्याच्याही पुढे गेली, आणि घरघर एकदम थांबली. स्क्रीन काळी पडली.

तिने पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. फोन वाजत होता, निनादचाच. तिने तो उचललाच नाही. “या अल्ला, आता नको रे,” म्हणत ती कपाळाला हात लावून बसली, आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू फुटलं.

तौसीफ कधी आत आला ते तिला कळलंच नाही. त्याने कार्डावर बोट टेकवून झटकन मागे घेतलं.

“पंखा जाम झालाय. हवाच नाही तर बिचारं काय करील? पेचकस दे.”

त्याने कार्ड उपसून काढलं, पात्यांमधला गेमिंग कॅफेच्या काळापासूनचा धुळीचा थर ब्रशने खरवडला, पंखा फिरवून पाहिला. हलेना. मान हलवून तो उठला, नव्या कार्डाचं खोकं उघडलं आणि पेचकसाने वॉरंटीचं स्टिकर टरकन फाडलं.

“अहो, वॉरंटी!” सकीना ओरडली.

त्याने सुटलेले स्क्रू ओठांत धरले. नव्याचा पंखा सोडवून त्याने तो जुन्यावर, जाम पंख्याच्या जागी, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधला. वायरची टोकं जुळली, कार्ड परत जागेवर बसलं. कॉम्प्युटर चालू झाला, आणि जुन्या कार्डाची घरघर पहिल्यांदाच आली नाही. तौसीफ उघड्या कॉम्प्युटरपाशी मांडी घालून बसला आणि फिल्म पुरी होईपर्यंत त्याने एक बोट कार्डाच्या कडेवर टेकवून ठेवलं, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावं तसं.

फिल्म वेळेत हॉलवर पोचली. रात्री निनादचा फोन आला, “भाभी, लोकांनी दोनदा लावायला लावली! पुढची लग्नं तुमचीच.” सकीनाने तौसीफला सांगितलं. तो नुसता हसला. तिला मात्र हसू येईना. पंख्याविना उघडंबोडकं पडलेलं नवं कार्ड तिने उचललं आणि पदराने पुसून त्याच्यासमोर ठेवलं.

“आता हे तिथला दुकानदार बदलून देणार नाही.”

“बदलायला जातंय कोण?” तौसीफ म्हणाला आणि हात धुवायला गेला.