उपसरपंचाच्या निवडीआधीची सहल

शिरूरला लेकीला पोहायच्या क्लासला सोडायला गेले की तलावाच्या पाण्याचा औषधी वास नाकात जातो आणि मला आमची ती सहल आठवते. मी ग्रामपंचायतीत नुकतीच निवडून आले होते. उपसरपंचाची निवड व्हायची होती, म्हणून आमच्या पॅनेलप्रमुखांनी सगळ्या सदस्यांना गाडीत घालून लांबच्या रिसॉर्टवर नेलं, फोन काढून घेतले आणि मत कुणाला द्यायचं तेही सांगून टाकलं. माझ्या मनात दुसरंच नाव होतं, त्यामुळं पहिल्या दिवशी मी धुसफुसत होते. दुसऱ्या दिवशी रिसॉर्टच्या पोहायच्या तलावात पाय सोडून बसले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला गरम भाकरी वाढत होतं. त्या दुपारी जेवताना शेजारी बसलेल्या मावशी, माझ्यासारख्याच सदस्य, एकदम म्हणाल्या, "माझं मत माझं हाय. मला घरी जायचंय." आता भांडण पेटणार असं वाटलं, पण प्रमुख हसले. "जावा की मावशी, कुणी धरलंय? गाडी उभी हाय. अजून कुणाला जायचंय?" मावशींनी हात धुतला, पिशवी उचलली आणि माझ्याकडं बघितलं. "येतीस का गं?" मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, माझं जेवण व्हायचंय." आणि वाढप्याकडं रस्सा मागितला. गावात आजही विषय निघाला की मी सांगते, आम्हाला तिथं कोंडून ठेवलं होतं. मावशींची गाडी ज्या फाटकातून गेली, ते सहल संपेपर्यंत उघडंच होतं.