फुगलेलं वायसर

माझ्या सासरी 'पंप' या शब्दाचे दोन अर्थ होते, आणि लग्न होऊन आले तेव्हा मला एकच ठाऊक होता. त्यामुळे ह्यांनी पहिल्यांदा "पंप गळतोय, जरा हात लाव" म्हटलं, तेव्हा मी पदर खोचून विहिरीकडे निघाले. हे मागून ओरडले, "तिकडं कुठं? विमानाचा!"

विमान होतं, खरंच होतं. पलूसच्या अलीकडे आमचा मळा, मळ्यात बंद पडलेल्या गुऱ्हाळाची शेड, आणि शेडमध्ये लाकडाचं, कापडाचं, एका माणसापुरतं विमान. पासष्टची लढाई व्हायच्या आधीचं हे सगळं. हे सैन्याच्या गाड्या दुरुस्त करायच्या कामावर होते. ती नोकरी सोडून घरी आले ते हे खूळ डोक्यात घेऊनच. भावकीत घरटी एक माणूस पलटणीत, आणि आपला मुलगा वर्दी उतरवून गुऱ्हाळात सुतारकाम करतो, हे मामंजींना सहन झालं नाही. माझे सासरे आणि हे एकमेकांशी बोलत नसत. "त्याला सांग" आणि "आबास्नी सांग" यांच्यामधून माझी दिवसभर ये-जा चाले.

पंपाचं मला हे समजावून सांगत आणि मला काही कळत नसे. पायानं पट्टी दाबायची, पट्टी दट्ट्या ढकलते, दट्ट्या तेल ढकलतो, तेल नळीतून चाकाशी जातं आणि चाक थांबतं. मी म्हणे, एवढा वळसा कशाला, सरळ दोरी बांधा की. यावर हे कपाळाला हात लावत. एवढं मात्र मला पक्कं समजलं होतं की दट्ट्याच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी रबराची वाटी असते, तिला हे सील म्हणत आणि सगळा मळा वायसर म्हणे. तिनं तेल धरलं नाही तर पाय तळाला जातो आणि चाक थांबत नाही. विमान पळवायला नीट केलेली माळाची पट्टी जिथं संपत होती तिथं आमची विहीर होती, कठडा नसलेली. मला भीती वाटायची ती त्या विहिरीची. ते उडेल का, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नाही.

माझी बोटं बारीक, म्हणून वाट्या बसवायचं काम माझ्याकडे आलं. त्या फक्त स्पिरिटनं धुवायच्या, घासलेटचं बोटसुद्धा लावायचं नाही, कड दुमडू द्यायची नाही. दारूबंदीच्या दिवसांत स्पिरिटची बाटली घरात आली की शेजारणी माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत. एवढं करूनही उजव्या पायाचा पंप गळायचा तो गळायचाच. खाली पसरलेला कागद रोज सकाळी ओला.

एकदा जेवताना मामंजींनी भाकरीकडे बघत विचारलं, "काय म्हणतंय ते?"

"पंप गळतोय मामंजी. त्यो धरस्तवर काय खरं न्हाई."

त्यांनी भाकरी मोडून कालवणात बुडवली.

खंडेनवमीला नांगर, कोयते, विहिरीवरचं इंजिन, सगळं मामंजींनी धुऊन, कुंकू लावून पुजलं. विमानाच्या नाकावर मी झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी बघते तर कागद कोरडा! पट्टी दाबली, तर दगडासारखी घट्ट. मला आनंद झाला आणि हे मात्र चक्रावले. "आपण काहीच केलं नाही, मग थांबलं कसं?" मी म्हटलं, थांबलं ना, मग सोनं वाटा आणि गप्प बसा.

दसरा होऊन चार दिवस जातात न जातात तोच दाबलेली पट्टी वर येईना. चाक जाम, विमान ढकललं तरी हलेना. पंप खोलला तर वाटी फुगून मऊ लिबलिबीत झालेली. ह्यांनी आधी सांगलीच्या दुकानदाराला शिव्या घातल्या, मग उन्हाला, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "घासलेट लावलंस?" माझं डोकंच फिरलं. मीही अबोला धरला. आता घरात तिघं होतो आणि निरोप न्यायला कुणीच नव्हतं.

रागारागातच मी पंपावरचा तेलाचा डबा रिकामा करायला घेतला. ब्रेकच्या तेलाला औषधासारखा उग्र वास असतो. या तेलाला आमच्या घाण्यावरच्या शेंगतेलाचा वास येत होता. झाकण उलटं केलं, तर खाचेत वाळलेलं कुंकू. मी काही न बोलता दोन्ही ह्यांच्या नाकासमोर धरलं. वास येताच हे तडक विहिरीकडे निघाले, मागोमाग मी.

विहिरीवर मामंजी तिथल्या पंपाचं चामड्याचं वायसर तेलात भिजत घालून बसले होते. ह्यांनी कित्येक महिन्यांनी त्यांच्याशी तोंड उघडलं. "आबा, माझ्या पंपात शेंगतेल तुमी घातलं?"

"व्हय. गळतोय म्हनली ही. वायसर सुकलं की गळतंय. तेल पाजलं की फुगतंय, फुगलं की धरतंय. धरलं न्हाई?"

"धरलं की. पर आता सोडंना. आवं, ते चामड्याचं न्हाई, रबराचं हाय. त्याला आपलं तेल चालत न्हाई."

"मग आधी सांगाय तोंड नव्हतं व्हय रं?"

ह्यांना हसू आलं, पण मामंजी हसले नाहीत. विहिरीकडे बघत म्हणाले, "उडंल का न्हाई ते मला ठावं न्हाई. पर हिच्या अलीकडं थांबाय पायजे."

सगळ्या नळ्या स्पिरिटनं धुतल्या, नव्या वाट्या मी बसवल्या, आणि ब्रेकच्या तेलाची बाटली मामंजींनी धरली. थेंब ओतायच्या आधी त्यांनी तिचा दोनदा वास घेतला.

विमान जमिनीवरून पळवून बघायच्या दिवशी मामंजी तरातरा माळ ओलांडून गेले आणि विहिरीला पाठ करून उभे राहिले. मी जीव तोडून ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार? त्यांचा विश्वास वायसरवर होता, मुलावर होता, की कशावरच नव्हता म्हणून ते आडवे उभे राहिले, हे मला तेव्हा उमगलं नाही आणि अजूनही उमगत नाही. विमान धावत गेलं, चाकं घासली, धुळीचा लोट उठला. लोट खाली बसला तेव्हा विमान थांबलेलं होतं आणि मामंजी जागच्या जागी होते, डोक्यापासून पायापर्यंत मातीचे.

ह्यांनी इंजिन बंद केलं. मामंजी जवळ आले, वाकून चाक बघितलं.

"धरलं," ते म्हणाले. "आता सोडतंय का बघ."

ह्यांनी पाय उचलला. मामंजींनी पंखाला हात लावून ढकललं, आणि चाक फिरलं.