आईच्या भजनाखाली घातलेलं व्हायोलिन

अर्धी चढण झाली तेव्हा आँट मीडा वाटेतल्या ओंडक्यावर टेकल्या. कागदी फुलांची पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या, "नेडीन, मला अजून मळमळतंय बघ."

"उन्हाने असेल. पाणी घ्या."

"ऊन कसलं डोंबलाचं! त्या रेकॉर्डने."

नेडीनने पाण्याची बाटली पुढे केली. मे महिन्यातला कबरी सजवायचा रविवार होता. गाड्या ओढ्यापर्यंतच येत, पुढे सगळं खोरं पायी डोंगर चढत होतं. नेडीन चर्चमध्ये मुलांना शिकवायची आणि तिथल्या वर्तमानपत्रात चर्चच्या बातम्या लिहायची. आँट मीडा नात्याने तिच्या कुणी नव्हत्या. पण केंटकीच्या त्या खोऱ्यात सत्तरी ओलांडलेली बाई सगळ्यांचीच आँट.

लग्न झालं तेव्हा मीडा सतराची होती आणि तिचा नवरा होईट साइझमोर कोळशाच्या खाणीत कामाला होता. संध्याकाळी अंग धुऊन तो बँजो घेई, ती गिटार, आणि स्वयंपाकघरात एका जुन्या टेपरेकॉर्डरवर दोघं गाणी भरून ठेवत. खिडकीला गोधडी ठोकायची, घरघर नको म्हणून फ्रिजचा प्लग काढायचा. एकदा तो परत लावायचा राहिला आणि हिवाळ्याचं सगळं सॉसेज नासलं. त्या टेपच्या शेवटी मीडाचा ओरडा आहे, "होईट, फ्रिज!"

"ते ठेवलंय त्या कंपनीवाल्यांनी रेकॉर्डवर," आँट मीडा म्हणाल्या. "हसू देत लोकांना. पण आईचं?"

होईटची आई गेली त्या दुपारी दोघांनी तिच्या खाटेशी भजन म्हटलं होतं. त्यांच्या चर्चच्या मंडळीत एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती लांबवत म्हणायची. देवाच्या गाण्याला वाद्य लावत नाहीत. आईचा आवाज राहावा म्हणून होईटने टेप सुरू केली. तिने दोन ओळी म्हटल्या, मग नुसता घुरघुरता श्वास. टेप संपेपर्यंत ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही. डब्यावर होईटने लिहिलं, 'आई. वाजवायची नाही.'

होईटला जाऊन नऊ वर्षं झाल्यावर त्यांच्या मुलाने, वेस्लीने, सगळं खोकं शहरातल्या एका रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला दिलं. कंपनीला वाटलं, त्या दिवशी बिचाऱ्यांजवळ वाद्यं नसतील. त्यांनी भजनाखाली व्हायोलिन घातलं.

"आईच्या श्वासाच्या ठेक्यावर, नेडीन! आणि कव्हरवर आम्हाला अनवाणी काढलंय. होईटने माझ्यासाठी बूट घेतले नव्हते की काय?"

"त्यांना वाटतं, डोंगरातली माणसं अशीच असतात."

"वाटतं म्हणे! डुकरांनासुद्धा कुठे तोंड घालावं ते कळतं."

नेडीनने ती रेकॉर्ड ऐकली होती. ते गाणं अर्ध्यावर बंद करून तिने दोनदा हात धुतले होते. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वर दफनभूमीत पोचल्या तेव्हा म्हाताऱ्या धर्मगुरूंनी ओळ सांगायला सुरुवात केली होती. आँट मीडांनी सासूच्या दगडावरचं शेवाळ रुमालाने पुसलं, फुलं खोचली आणि उभ्या राहून भजन म्हटलं. मोठ्याने, डोळे मिटून. मग होईटच्या कबरीशी येऊन त्यांनी पर्समधून कंपनीचं पत्र काढलं. नव्या आवृत्तीसाठी बुधवारपर्यंत आँट मीडांची सही हवी होती. रेकॉर्ड निघेल तर आहे तशीच निघेल. सही नसेल तर सगळीच बंद.

"वेस्ली म्हणतो, मॉम, एका गाण्यापायी तू डॅडीला दुसऱ्यांदा पुरतेयस." त्यांनी होईटच्या दगडावर हात ठेवला. "इतका गोड आवाज होता गं त्याचा. परवा दुकानात कुणीतरी लावला होता, तर माझ्या हातातली अंडी सुटली."

 नेडीनने मनात देवाचं नाव घेतलं.

"तुला लिहायची सवय आहे. तू लिही," आँट मीडा म्हणाल्या. "आईचं भजन काढणार नसाल तर सही नाही. होईटसकट सगळं बंद करा म्हणावं. आणि हे बघ पोरी, पत्राच्या वर 'प्रिय' लिहू नकोस."