चहावरची साय

मला गाण्याच्या कार्यक्रमांचा मुळातच कंटाळा. त्यात हा कार्यक्रम म्हणजे संगीत नाटकातली एक बाई एकटीच दोन तास बोलणार आणि गाणार. एकटीनं दोन तास बोलणारी बाई आमच्या शेजारीच राहते, तिला ऐकायला तिकीट लागत नाही, असं मी मैत्रिणीला म्हणालेही. तरी तिनं दोन जागा घेतल्या आणि ऐनवेळी स्वतःच तापानं अंथरूण धरलं. मग मी एकटीच गेले.

जळगावातल्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात कार्यक्रम होता. थंडीतली दुपार, चार वाजलेले, आणि खिडक्यांना जाड पडदे लावून आत संध्याकाळ केलेली. छोटी छोटी टेबलं, प्रत्येकावर एक पिवळा दिवा आणि दोन खुर्च्या. तिथून कापूस जाऊन कितीतरी वर्षं झाली असतील, पण पंखा फिरला की तुळयांवरची जुनी रुई सुटायची आणि दिव्यांच्या उजेडातून सावकाश खाली यायची. लोकांच्या केसांवर बसायची, खांद्यांवर बसायची. कुणी झटकत नव्हतं. मीही झटकली नाही.

ती आली. साधी सुती साडी, पिकलेले केस, मागे पेटीवाला आणि तबलजी. आज तुम्ही माझ्याकडे आलात, तर चहा घेत घेत ऐका, असं म्हणून तिनं सुरुवात केली. मूळची ती शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली. पंचवीस वर्षं संगीत नाटकांत काम केलं आणि पंचवीस वर्षं नायिकेची मैत्रीणच झाली. नायिका गायची तेव्हा ही फुलांची परडी धरून बाजूला उभी. ती सगळी गाणी हिला पाठ, आणि आज ती ती गाणार होती. लोक हसले. मग तिनं पद धरलं आणि ते हसू कुठल्या कुठे गेलं. वरच्या सुरांत आवाज जरा फाटत होता, पण तिला कसली घाई म्हणून नव्हती. मी आले होते नाक मुरडत, आणि दुसऱ्या पदाला माझे डोळे आपोआप मिटले. झोप नव्हती ती. लहानपणी असोद्याला केळीच्या बागेत दुपारी पडून राहिलं की पानांतून हिरवा उजेड यायचा, तसं काहीतरी वाटत होतं.

कुणीतरी खुर्ची ओढली म्हणून डोळे उघडले. टोपी-धोतरातले एक म्हातारे गृहस्थ मैत्रिणीच्या जागेवर बसत होते, न विचारता. मांडीवर पिशवी, अंगाला एसटीचा वास. माझी तंद्री मोडली, मला रागच आला. तेवढ्यात चहा वाटणाऱ्या मुलीनं दोन कप ठेवले. त्यांनी आपल्या कपाला हातही लावला नाही. वेगळे पैसे पडतील असं वाटत असेल बिचाऱ्यांना, म्हणून मी हळूच सांगितलं की चहा कार्यक्रमातलाच आहे. त्यांनी नुसती मान हलवली. आमच्याकडे चहाला कुणी नाही म्हटलं की आणखी आग्रह करायचा असतो, तसा मी कप पुढे सरकवला.

"आठे नही, माय," ते म्हणाले, आणि दोन बोटांनी कप परत सारला.

इथे नाही तर मग काय टपरीवर? हेकट दिसतोय म्हातारा, असं मी ठरवून टाकलं.

गाणं संपवून ती खुर्चीत बसली आणि वडिलांविषयी बोलायला लागली. तिनं लग्न केलं नाही म्हणून आबा नाराज. गावी गेली की एकच प्रश्न, "तुनं घर कोठे शे?" तिनं पुण्यात खोली घेतली, त्यांना बोलावलं. ते आले, आणि दोन कप चहा प्यायले. पुढे तिनं स्वतःचा फ्लॅट घेतला. तिथेही आले, तिथेही चहा घेतला, वर त्यात खारी बुडवून खाल्ली.

शहरातले लोक हसले. खेड्यांतून आलेले आम्ही सगळे गप्प झालो. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बाप घेत नाही, ही आमच्या जुन्या माणसांची रीत. लेक जिथे नांदते तिथून काही घ्यायचं नाही.

"दोन कप प्यायले," ती म्हणाली. "म्हणजे ते घर माझं नव्हतंच." नाटकाला तर ते कधी आलेच नाहीत. प्रत्येक कार्यक्रमाचा निरोप ती गावी धाडते, आजचाही धाडला होता.

मला माझे वडील आठवले. असोद्याहून माझ्याकडे यायचे ते पाण्याची बाटली घेऊन. केळीची फणी माझ्या हातात द्यायचे आणि स्वतःचं पाणी पिऊन निघायचे. माझ्या घरचं पाणी बाटलंय का, म्हणून एकदा मी त्यांच्यावर ओरडले होते. त्याचं मला त्या अंधारात फार वाईट वाटलं.

मग मी समोरच्या कपाकडे पाहिलं. चहावर साय धरली होती आणि सायीवर रुईचा एक धागा बसला होता. म्हातारे गुडघ्यांवर हात ठेवून तिच्याकडे बघत होते. माझ्या शेजारी कोण बसलंय ते मला तेव्हा कळलं. उठून तिला हाक मारावी असं फार वाटलं. पण ही गोष्ट सांगणारी मी कोण, म्हणून बसून राहिले.

शेवटचं पद गात ती टेबलांमधून फिरायला लागली. आमच्या टेबलाशी आली आणि ओळ अर्ध्यावर थांबली. पेटीवाल्याला वाटलं, दम घेतेय. तो तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग कपाकडे.

"आबा," ती म्हणाली, "चहा गार झाला."

"पोरना घरना च्या बाप पेस का?" ते म्हणाले.

तो गार चहा तिनं उचलला आणि सायीसकट उभ्या उभ्या पिऊन टाकला. मग पेटीवाल्याला खूण केली, आणि पद पुन्हा पहिल्यापासून धरलं.