तोंडाजवळ गेलेला हात

आर्णीत मन्सूर मिस्त्रींचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, टिनाचा खोका. पण बोंडअळीच्या त्या सालात, २०१७ मध्ये, तिथे जत्रा लोटली होती. कपाशीवर औषध मारून मारून पंप थकले, माणसं त्याहून थकली, आणि जिल्ह्यातले कित्येक फवारणारे विषबाधेनं दवाखान्यात पडले.

मिस्त्रींची मेहनाज तेव्हा नागपुरात थ्रीडीचं काम शिकत होती. पोरगी चष्म्यात बघायची खोटी शेतं-घरं बनवते, असं तिची आई जोहराबी शेजारणींना सांगायची. शेजारणी विचारत, यात नोकरी कोणती लागते? मन्सूर तेवढं म्हणत, "तिले समजते ना, मंग झालं." असा बाप मिळायलाही नशीब लागतं.

दोन वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीनं तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम तिच्याच मुलखाचं होतं. शेतकऱ्यानं डोळ्यांवर आभासी जगाचा चष्मा चढवायचा, हातात कंट्रोलर धरायचे आणि विषाचा थेंबही न उडवता फवारणी शिकायची. आर्णीत चाचणी ठरली. उपयोग दिसला तर नोकरी पक्की, नाही तर गाशा गुंडाळून घरी. आणि घरी मामू एक स्थळ मुठीत धरून बसलेलेच होते.

मेहनाजनं कपाशी अशी उभी केली की पाहणाऱ्यानं बोंड तोडायला हात पुढे करावा. पण पहिल्या दिवशी झाला घोळ. पंपाचं नोझल, म्हणजे फवाऱ्याचं तोंड, तुंबलं की समोर दोन पर्याय येत: ब्रशनं साफ करा, की तोंडानं फुंका. चाचणीला बोलावलेल्या सगळ्यांनी झटकन ब्रश दाबला, मन्सूरनंही. अकराजण, अकराही पास. चाचणी बघायला आलेले कंपनीचे साहेब म्हणाले, ज्यांना सगळं येतं त्यांना आपण शिकवायचं काय? चार दिवसांनी परत येतो, तेव्हा सांगा.

दुसऱ्या सकाळी मेहनाज तोंड पाडून दुकानात बसली होती. एक गिऱ्हाईक तुंबलेला पंप ठेवून गेलं. मन्सूरनं नोझल काढलं, फडक्यावर घासलं, ओठांना लावलं आणि फुर्र करून फुंकलं. मग थुंकले आणि बाहीनं तोंड पुसलं. लहानपणापासून मेहनाज हेच पाहत आली होती, पण खरं पाहिलं ते आजच.

"अब्बा, काल तुम्ही ब्रश दाबलता."

मन्सूर हसले. "ते परीक्षेत, बेटा. हे काम हाय."

मेहनाज ताडकन उठली. तीन रात्री, तीन दिवस तिनं पाठ टेकली नाही. पर्यायांची पाटी पार काढून टाकली. आता भर उन्हात, कपाशीच्या ओळीच्या मध्यावर नोझल नुसतं तुंबायचं आणि कोणी काही विचारायचं नाही. हात तोंडाजवळ गेला की चष्मा ओळखायचा, आणि विष चढल्यासारखं हळूहळू सगळं शेत धूसर होत जायचं.

चौथ्या दिवशी वामनराव पहिले आले. चाळीस वर्षं कपाशी केलेला गडी. आपल्याला शिकवणारा अजून जन्मायचा आहे, असं त्यांचं मत होतं. मिशीला पीळ देऊन त्यांनी चष्मा चढवला. नोझल तुंबलं. वामनरावांचा हात सरळ ओठांकडे गेला. शेत विरत गेलं तसे ते चाचपडत खुर्चीवर टेकले.

"त्या दिशी तर ब्रश म्हनलं होतं म्या," ते चष्मा काढत म्हणाले. "अन् हात काहून तिकडं गेला?"

अकरापैकी नऊजणांचे हात तिकडेच गेले. साहेब आकडा टिपून घेऊन परत गेले आणि संध्याकाळी फोनवर नोकरीचं पत्र आलं. जोहराबीनं साखर वाटली. मेहनाज मात्र थेट दुकानात गेली आणि बापाचे काळे झालेले हात हातात घेऊन म्हणाली, "अब्बा, ही नोकरी तुमची हाय. मी नुसतं पाहलं." मन्सूरनं चहा सांगितला.

पुण्याला जायच्या सकाळी ती बॅग घेऊन दुकानाशी थांबली. वामनराव पंप घेऊन आलेच होते. मन्सूरनं नोझल काढलं, सवयीनं हात वर नेला आणि तो हनुवटीपाशी थबकला. मग खिळ्याला टांगलेला दात घासायचा जुना ब्रश त्यांनी काढला.

"तुह्या चष्म्यात माहा पन हात गेलता, बेटा," ते मान खाली घालून नोझल घासत म्हणाले. "तीस वर्षं गेलता. आज थांबला."